बोरसेबाईंचा कच्चा टाका

मी बोरसेबाईंवर जळत होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल जे चांगलं सांगेन ते तरी तुम्हाला खरं वाटेल.

मी कणकवलीची. इतिहासाची एम.ए. नवरा दादरा नगर हवेलीत सिल्वासाला प्रशासनात नोकरीला, म्हणून त्र्याऐंशी साली मीही तिथल्या मराठी शाळेत आठवी ते दहावीला इतिहास शिकवायला लागले. बोरसेबाई शिवणाच्या. शिरपूरकडच्या, जुनी अकरावी आणि शिवणाचा डिप्लोमा. त्यांचे यजमान अथालच्या एका धाग्याच्या कारखान्यात फिटर होते. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची खिडकीजवळ, त्यांची पाण्याच्या माठाजवळ. कोण कुठे बसणार हे शाळेनंच ठरवून टाकलं होतं, आणि मला ते अगदी योग्य वाटत होतं.

बाई ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. उजव्या हाताच्या मधल्या बोटात कायम अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी. जेवतानासुद्धा काढायच्या नाहीत, त्यामुळे स्टीलच्या डब्यावर टकटक व्हायची. दुसरी खोड म्हणजे कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करून बघायची. ब्लाउज, पिशवी, टेबलक्लॉथ, अगदी मुलांची प्रगतिपुस्तकंही. पहिल्याच दिवशी माझ्या साडीचा काठ पकडून त्यांनी उलटा केला आणि म्हणाल्या, "फॉल घरीच लावलाय ना वो बाई?" लावला होता घरी! पण ते चारचौघांत सांगायची काय गरज होती? मी काठ सोडवून घेतला.

"सुलट्या बाजूला सगळेच साव असतात," त्या म्हणाल्या. "कापडाचं खरं काय ते उलटीकडून कळतं." पुढची नऊ वर्षं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच ते मनात म्हणून टाकायची.

आता शिवणाच्या बाईंचा आणि अफगाणिस्तानचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. तर म्हणे, हातशिलाई करताना डोळे आणि हात गुंतलेले, कान मात्र रिकामे. म्हणून संध्याकाळी त्या ट्रान्झिस्टरवर परदेशातून लागणाऱ्या हिंदी बातम्या ऐकायच्या. त्या वर्षांत बातम्यांमध्ये रोज काबूल असायचं. रशियाचं सैन्य काबूलच्या सरकारला 'मदत' करायला आलेलं, आणि त्या सैन्याशी लढणाऱ्या टोळ्यांना अमेरिका, पाकिस्तान, सौदी अरेबिया यांची 'मदत' पोचत होती. "सगळेच मदतीला आलेले, मग मरतंय कोण?" बाई विचारायच्या. "भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं ते."

आणि ऐकलेलं लक्षात राहावं म्हणून या बाईनं वही केली नाही, गोधडी केली.

पांढऱ्या मांजरपाटाच्या अस्तरावर अफगाणिस्तानचा नकाशा. काबूल म्हणजे मरून रंगाचा ब्लाउजपीस, हेरात म्हणजे जुन्या पडद्याचा तुकडा, कंदाहारला खाकी चड्डीचं कापड, पंजशीरच्या खोऱ्याला कुणाच्या तरी परकराची निळी पट्टी. सगळे तुकडे नुसत्या धावदोऱ्यानं टाचलेले. ज्या भागातल्या लोकांना बाहेरून जो देश पोसतो, त्या देशाच्या रंगाचा दोरा. रशियाचा लाल, अमेरिकेचा निळा, पाकिस्तानचा हिरवा, सौदीचा पिवळा. दोऱ्याची टोकं कापायची नाहीत. ती नकाशाच्या काठाबाहेर वीतवीतभर लोंबत ठेवलेली. बातमी बदलली की तेवढं उसवायचं आणि नव्या दोऱ्यानं पुन्हा टाचायचं.

"पक्की टीप का नाही मारत?" मी विचारलं होतं.

"उसवायचंय ना परत! लढाई चालू असताना पक्की टीप मारायची नसते, बाई. कापड फाटतं."

मी मनात म्हटलं, उंटावरची शहाणी. आणि माझ्या वर्गावर गेले.

माझ्या वर्गावर! त्याचंच तर दुखणं होतं. मी फळ्यावर पहिल्या महायुद्धाची सात कारणं लिहायची, मुलं ती उतरवायची, आणि मागच्या बाकावर दोघंतिघं खुशाल डुलक्या काढायची. शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना बागकाम असे. बागकामाची मुलं हळूहळू शिवणाच्या वर्गात सरकायला लागली. मुख्याध्यापक देसाईसाहेबांनी अडवलं, तर एकेक जण शर्टाचं बटण तोडून यायचा. "सर, बटण लावायचं शिकायचंय." एका शुक्रवारी मी मोजले, अकरा शर्ट बिनबटणाचे. देसाईसाहेब मूळचे बलसाडकडचे, हसून म्हणाले, "सावंतबेन, आ तो कमाल छे! तुमच्या तासाला कोणी बटण तोडतो का?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एकदा मी वऱ्हांड्यात उभी राहून त्यांचा तास ऐकला. चोरून ऐकला, खोटं कशाला बोलू. नकाशा चार मुलींनी चार कोपऱ्यांना धरला होता. सुरंगीची रंजन नावाची नववीतली मुलगी काठाबाहेर उभी होती.

"तो निळा दोरा ओढ, रंजू. हळू."

रंजननं काठावरून निळा दोरा ओढला. तिकडे दोन हात लांब, नकाशाच्या पार आत, पंजशीरच्या पट्टीला चुण्या पडल्या आणि शेजारचं काबूल तिरकं झालं.

"आता तू कुठं उभी आहेस?"

"बाहेर, बाई."

"अन् चुण्या?"

"आतमदी."

"मंग? कापड आपलं, दोरा लोकेस्ना." हे त्यांचं अहिराणी. लोकेस्ना म्हणजे परक्यांचा, लोकांचा. "ओढणाऱ्याला चुण्या दिसत बी नाहीत. तो म्हणतो, मी तर नुसता दोरा धरलाय."

चाळीस पोरं, त्यातली कितीतरी बिनबटणाची, तोंडं उघडी टाकून बघत होती. मी एम.ए.ला दोन वर्षं जे वाचलं ते या बाईनं एक दोरा ओढून सांगून टाकलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

सहामाहीत रंजननं पहिल्या महायुद्धाच्या प्रश्नाला उत्तर लिहिलं: 'लहान देशांतले दोरे मोठ्या देशांच्या हातात होते. सगळ्यांनी एकदम ओढले.' माझी सात कारणं कुठेच नव्हती. मी पाचातले दोन गुण दिले आणि शेजारी लिहिलं, 'मुद्देसूद लिहावे.'

त्याच वर्षी बाईंनी माझ्या अभ्यासक्रमातही सुई घातली. आमच्या पाठ्यपुस्तकात दादरा नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाल्याची चार ओळींची माहिती होती. मी ती चार मिनिटांत संपवायची. बोरसेबाईंनी शिवणाच्या वर्गात सांगितलं, "घरी जाऊन आजोबांना विचारा, फिरंगी गेला त्या दिवशी तुम्ही काय करत होता?" सोमवारी पोरं उत्तरं घेऊन आली. खेरडीच्या एकाचा आजा म्हणे भात लावत होता, त्याला चार दिवसांनी कळलं. रंजनचा आजोबा जंगलात लाकूड तोडायला जायचा. त्यानं सांगितलं होतं, "साहेब बदलला तवा आमी खांद्यावरचं लाकूड खाली ठिवलं, नव्या साहेबाकडं बगितलं, अन् परत उचललं."

हे मला शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांकडून कळलं. ते तर डोळे पुसत होते! मी बाईंना सुनावलं, "इतिहास माझा विषय आहे, बोरसेबाई. तुम्ही काजंबटणं बघा."

"बरं बाई," त्या म्हणाल्या. चिडल्या नाहीत. माठातलं पाणी ओतलं आणि तो पेला माझ्यापुढे ठेवला. माणूस भांडला तर निदान आपल्याला हलकं तरी वाटतं. ही बाई तेवढंही करू देत नसे.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत शेवटचा रशियन सैनिक अफगाणिस्तानातून बाहेर पडला. त्या शुक्रवारी बाईंनी रंजनकडून लाल दोरा काढवला. टाक्यामागून टाका, सबंध तास. दोरा निघाला तरी काबूलचा तुकडा जागेवरच राहिला. त्याच्यावर सुईच्या भोकांची रांग मात्र तशीच होती.

"बाई, ही भोकं कधी बुजतील?" कुणीतरी विचारलं.

"धुतल्यावर थोडी बुजतात. सगळी नाही बुजत."

पुढच्या महिन्यात प्रदेशातल्या सगळ्या शाळांचं प्रदर्शन भरणार होतं. देसाईसाहेब म्हणाले, बोरसेबाईंचा नकाशा पाठवू. मी लगेच म्हटलं, "सर, शिवणाच्या टेबलावर तो कोण बघणार? इतिहास विभागातर्फे जाऊ दे. मी मदत करते." बघा, हा शब्द मीसुद्धा वापरला. मदत.

बाईंनी नकाशा आनंदानं दिला. त्यांच्या सासूबाई आजारी होत्या, त्या दहा दिवसांसाठी शिरपूरला निघाल्या होत्या. बसला जाताजाता शाळेत आल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, तेवढा टाका कच्चाच राहू द्या. अन् अस्तरातून एक लाल दोरा अजून जातोय, काबूलखालून. वरून दिसत नाही. तो काढू नका."

"रशिया गेला ना?"

"माणसं गेली. आटा, तेल, दारूगोळा चालूच आहे. ते सरकार त्याच्यावरच उभं आहे."

मी मान डोलावली. आणि त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी भर दुपारी, त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच मशीनवर बसून मी तो नकाशा पांढऱ्या दोऱ्यानं पक्का शिवून काढला. लोंबणारे सगळे दोरे कापले, आतले रंगीत टाकेही ओढून काढले. काय ते ध्यान, प्रदर्शनात का असल्या झिपऱ्या पाठवायच्या? अस्तरातला लाल दोरा सापडला, तो ओढून काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. नीटनेटकं करतेय असं मी स्वतःला सांगत होते. पण कात्रीचा कचकच आवाज मला आवडत होता, हेही लिहून ठेवते. मग मागे प्लायवूड ठोकून, पुढे काच लावून, खाली सुंदर अक्षरात पाटी: 'अफगाणिस्तान: परकीय हस्तक्षेप व युद्धसमाप्ती'. त्याखाली माझं नाव.

पहिलं बक्षीस मिळालं. आयत्या बिळावर नागोबा कसा डोलतो ते त्या दिवशी कुणी मला बघायला हवं होतं.

बाई परत आल्या तेव्हा फ्रेम मुख्याध्यापकांच्या खोलीत लागली होती. त्यांनी नेहमीसारखी ती उलटी करायला हात घातला, तर मागे प्लायवूड. त्यावर त्यांनी अंगुस्तानानं दोनदा टकटक केलं. मी शेजारी उभी होते. आता बोलतील, आता सगळ्यांसमोर बोलतील.

"बरं दिसतं," एवढंच म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.

त्या शुक्रवारी मुलं बटणं तोडून आली. बाईंनी खरोखरच बटणं लावायला शिकवलं. पुढच्या शुक्रवारी चारच आली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी कुणी नाही. नवा नकाशा त्यांनी शाळेत केला नाही. देसाईसाहेबही म्हणायला लागले, "हवे नकशो तो इतिहासमां गयो." म्हणजे आता नकाशा इतिहासात जमा झाला.

ब्याण्णवच्या वसंतात काबूलचं सरकार पडलं. रशियानं मागची रसद तोडली आणि काही महिन्यांत सगळं कोसळलं. ज्या टोळ्यांना बाहेरच्यांनी हत्यारं दिली होती, त्या आता काबूलसाठी एकमेकींवरच तोफा डागायला लागल्या. मी पेपर घेऊन माठाजवळ गेले. "बोरसेबाई, रशियन गेल्यावर तीन वर्षं टिकलं ते, आणि आत्ता कसं पडलं हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अस्तरातला दोरा, बाई," म्हणाल्या, आणि परत डब्यातली भाकरी मोडायला लागल्या.

त्याच जूनमध्ये त्यांची बदली सुरंगीच्या शाळेत झाली. निरोपाचं भाषण मी केलं. 'हरहुन्नरी', 'मनमिळाऊ' वगैरे सगळं म्हटलं. मनातून मला आनंद झाला होता, मोकळं मैदान मिळाल्याचा. पण मैदान मोकळं झालं म्हणून गर्दी माझ्याकडे थोडीच येते? माझी सात कारणं फळ्यावर होती तिथेच राहिली. मागचा बाकही पूर्वीसारखाच डुलत राहिला.

शहाण्णवला दिवाळीच्या आधी शाळेला रंग काढायचा होता. फ्रेम खाली उतरवली. त्याच दिवसांत बातमी होती, कंदाहारकडून आलेल्या नव्याच लोकांनी काबूल घेतलं. माझ्या पाटीवर मात्र सात वर्षं युद्ध संपलेलंच होतं. शिपायाकडून प्लायवूड काढवलं आणि पहिल्यांदाच त्या नकाशाची उलटी बाजू नीट बघितली. सगळीकडे माझी पांढरी टीप. कुणाचा हात कुठून आलाय, काही म्हणता काही कळत नव्हतं. मधे एका भोकात लाल तंतू अडकला होता, पापणीच्या केसाएवढा. मी ब्लेड घेऊन उसवायला बसले, तर टीप इतकी घट्ट की हेरातचा तुकडाच फाटला. लढाई चालू असताना पक्की टीप मारायची नसते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.

नकाशा पिशवीत घालून मी सुरंगीची बस पकडली. माफी मागायची म्हणून वाक्यं तयार केली होती, वाटेत तीनदा बदलली.

बाई शाळेच्या ओट्यावर होत्या. आता चष्मा, केस पांढरे, बोटात तेच अंगुस्तान. भोवती पंधरावीस मुली, आणि मधे पसरलेला नवा नकाशा. तेच अफगाणिस्तान! कंदाहारपासून काबूलपर्यंत एकच काळं कापड पसरलेलं. रंजन, आमची रंजन, त्याच शाळेत शिक्षिका झाली होती. ती सुईत दोरा ओवत होती. काळ्या कापडाला तिनं कुठला दोरा घातलाय म्हणून मी वाकून पाहिलं.

"हिरवाच, बाई. पाकिस्तानचा," रंजन मला म्हणाली. "पीस नवा, दोरा जुनाच."

मी पिशवीतून माझा नकाशा काढून बोरसेबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आधी उलटा केला. चष्मा कपाळावर सरकवून माझ्या पांढऱ्या टिपेवरून बोट फिरवत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"टीप कुणी मारली?"

"मी," मी म्हटलं. "तुम्ही नको म्हणाला होता, तरी मी मारली. मी जळत होते तुमच्यावर."

सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. बाईंनी आणखी एकदा टीप निरखली.

"सरळ मारलीय पण," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे तुमचा. शिवणाला यायचं होतं."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्यामुळेच मला खाली बघावं लागलं. मग त्यांनी मला अर्धं ब्लेड दिलं. "त्या टोकाकडून तुम्ही उसवा, इकडून मी येते." आम्ही दोघी तासभर उसवत बसलो. काबूलपाशी भेटलो तेव्हा त्यांचा भाग अख्खा निघाला होता, माझ्या भागाला चार ठिकाणी भोकं पडली होती.

बसचा हॉर्न वाजला तेव्हा मी उठले. बसमध्ये बसून खिडकीतून मागे पाहिलं. बाईंनी तो जुना, मोकळा झालेला मांजरपाट दोन्ही हातांनी उन्हात धरला होता आणि मुलींना काहीतरी दाखवत होत्या. लालची, निळ्याची, हिरव्याची बारीक भोकं असणार, आणि सगळ्यांवरून गेलेली माझ्या टिपेची सरळ रांग. माझी रांग त्या मुलींना काय म्हणून सांगत होत्या, ते मला ऐकू आलं नाही. पोरी माना पुढे काढून, तोंडं उघडी टाकून बघत होत्या. बस वळेपर्यंत मी खिडकीतून डोकं बाहेर काढून होते. एक तरी मान माझ्याकडे वळेल असं मला वाटत होतं. एकही वळली नाही.